दे, ये, ठेव, थांब



"आमचं अजिबात ऐकत नाही बघा," ही तक्रार पूर्वी सातवी-आठवीतल्या मुलांच्या आया करायच्या. आता ती दीड वर्षाच्या लेकरांबद्दल ऐकू येते. बस्तीत अभिषेक झाला, गंधोदक घेतलं, की बाहेरच्या कट्ट्यावर टेकल्या टेकल्या कुणीतरी हा विषय काढतंच. हाक मारली की उलटीकडं पळतो. दे म्हटलं की फेकून देते. निदानही तिथंच ठरून जातं : हट्टी आहे, आजीनं लाडावलंय, मोबाइलनं बिघडवलंय.

मला या निदानाची घाई खटकते. लग्नाआधी चार वर्षं मी बालवाडीत शिकवत होते आणि आता घरात सव्वादोन वर्षांची छकुली आहे. दोन्हीकडं मला जे दिसलं ते असं, की एवढ्या लहान मुलाला "ऐकणं" म्हणजे एका वेळी तीन कामं असतात. शब्द कानात नीट पडायला हवा, त्याचा अर्थ लागायला हवा, आणि हातात चाललेलं सोडून सांगितलेलं करता यायला हवं. यातलं कुठलंही एक अडलं तरी बाहेरून दिसतं ते एकच, मूल ऐकत नाही. आपण मात्र या तिन्हींकडं न बघता थेट त्याच्या स्वभावावर जातो.

कुठल्या वयात काय यायला हवं याचा थोडा अंदाज असला की निम्मी चिडचिड कमी होते. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२२ मध्ये आपली यादी सुधारली. त्या वयाच्या चारातल्या तीन मुलांना तरी जे जमतं तेच त्यात ठेवलंय. त्या यादीत १५ महिन्यांच्या मुलाकडून एवढीच अपेक्षा आहे, की आपण हात पुढं करून "दे" म्हटलं तर त्यानं द्यावं. शब्दाबरोबर हाताची खूण हवीच. खुणेशिवाय नुसत्या शब्दावर एक काम करणं १८ महिन्यांना येतं. आणि "खेळणं खाली ठेव आणि दार लाव" अशी दोन कामं जोडून सांगितलेली समजणं थेट अडीच वर्षांना! आता आठवा, आपण सव्वा वर्षाच्या पोराला स्वयंपाकघरातून ओरडून काय काय सांगत असतो.

मारिया माँटेसरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या देशात होत्या. अहमदाबादला त्यांनी दिलेल्या व्याख्यानांवरून 'द अ‍ॅब्सॉर्बंट माइंड' हे पुस्तक तयार झालं, ते १९४९ मध्ये मद्रासच्या अड्यारहून निघालं. आज्ञापालनाच्या तीन पायऱ्या त्यांनी त्यात सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवरचं मूल कधी ऐकतं, कधी ऐकत नाही, आणि ते त्याच्या मर्जीवर नसतं. काल जमलेलं आज जमेलच असं नसतं. बालवाडीत मी हे रोज बघायची. सोमवारी डबा जागेवर ठेवणारं मूल मंगळवारी तोच डबा हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत उभं राहायचं.

आपल्या मराठीनं या बाबतीत आयांची मोठी सोय करून ठेवलीय. दे, घे, ये, बस, ठेव, ऊठ. आज्ञा म्हणजे निव्वळ धातू, पुढं प्रत्यय नाही, मागं काही नाही. लेकराला पकडायला याहून सोपा शब्द कुठला मिळणार? पण आपण बोलतो कसं? "अगं बाळा, ते बघ तिकडं टीपॉयवर बाबांचा चष्मा राहिलाय ना, तो जरा आणून देतेस का आईला, माझी शहाणी ती." यात नेमका कामाचा शब्द कुठला हे तिनं कसं शोधायचं? शिवाय "देतेस का" हा प्रश्न झाला. प्रश्नाला "नाही" हे उत्तर चालतं हे त्यांना फार लवकर कळतं.

आमच्याकडं याचा पुरावा घरातच होता. सासूबाई बेळगावकडच्या, त्यांच्या तोंडी अजून कानडी आहे. छकुली पहिल्यांदा कुणाच्या शब्दावर उठून गेली असेल तर त्यांच्या "बा" वर. मग "कोडू" वर वाटी द्यायला लागली. दोन भाषांमुळं मूल गोंधळतं, कानडी बंद करा, असा सल्ला एका नात्यातल्या बाईंनी दिला होता. तो आम्ही ऐकून घेतला आणि सोडून दिला. सीमाभागातली आपली किती घरं पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषांत वाढली! शब्द "दे" असो की "कोडू", समजला म्हणजे समजला. खरी गंमत त्या शब्दांच्या आखूडपणाची होती.

हित, मित आणि प्रिय बोलावं हे आपण लहानपणापासून प्रवचनांत ऐकतो. भाषा समिती मुनींसाठी सांगितलेली, पण आपल्या परीनं आपणही ती पाळायला बघतो. माझ्या मते घरोघरी त्यातलं हित आणि प्रिय व्यवस्थित सांभाळलं जातं. मित तेवढं राहून जातं, आणि लहान मुलाशी बोलताना त्याचीच सगळ्यात जास्त गरज असते. एक काम, एक-दोन शब्द, आणि मग गप्प बसायचं.

हे गप्प बसणं भलतंच कठीण आहे. "दे" म्हटल्यावर दोन सेकंदांत आपण पुन्हा "दे ना", मग "दे की", मग "अगं दे की गं" सुरू करतो. प्रत्येक नव्या शब्दाबरोबर त्या छोट्या डोक्यातला हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. मी एक युक्ती करते. शब्द एकदा उच्चारला की मनातल्या मनात णमोकाराची दोन पदं म्हणायची, तोवर तोंड उघडायचं नाही. बऱ्याचदा दुसरं पद पुरं व्हायच्या आत तिचा हात पुढं आलेला असतो. नाहीच आला तर मी जवळ जाते, खाली बसते, वस्तूकडं बोट दाखवते आणि तोच शब्द पुन्हा म्हणते. तेवढ्यावरही नाही झालं तर तिचा हात हातात घेऊन दोघी मिळून ते काम करतो. रागावण्याचा प्रश्नच नसतो, कारण तोवर मलाच बरं वाटलेलं असतं!

आता "नको" बद्दल. अलेक्झांडर लुरिया नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. दीड-दोन वर्षांची मुलं दांडीत कड्या घालत असताना ते त्यांना मध्येच सांगायचे, आता कड्या काढा. मुलं काढायची नाहीत. उलट आणखी जोरानं घालायला लागायची. एकदा सुरू झालेलं काम नुसत्या शब्दानं थांबवायची ताकद या वयात आलेलीच नसते, आणि वर मिळालेला शब्द चालू कामालाच जोर देऊन जातो. हे वाचल्यापासून "सांडू नको" म्हटल्यावर नेमकं तेव्हाच का सांडतं ते मला कळलं.

म्हणून आमच्याकडं शक्यतो काय करायचं ते सांगतो. "पळू नको" ऐवजी "हळू चाल". "फेकू नको" ऐवजी "खाली ठेव". यातला माझा सगळ्यात आवडता शब्द सासूबाईंनी काढला. पावसाळ्यात उंबऱ्यापाशी मुंग्यांची रांग लागते आणि लेकरू बोटानं चिरडायला धावतं. "मारू नको" यातलं "मारू" तेवढं तिच्या कानात राहायचं. सासूबाई म्हणाल्या, "मुंगीला वाट दे." दे हा शब्द तिला येतच होता. ती दोन पावलं मागं सरकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, रांग संपेपर्यंत! आता शेजारच्या मुलांनाही ती हात आडवा करून "वात दे" सांगते.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, शब्द आखूड केले की झालं. आमच्याकडं मध्ये एक काळ असा आला की आखूड शब्दही पोचेनासे झाले. तो भाग जरा सविस्तर सांगते, कारण हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

मागच्या वर्षी श्रावणात छकुली १९ महिन्यांची होती. त्या पावसाळ्यात तिची सर्दी अशी हटलीच नाही. एक बरी होतेय तोवर दुसरी. उन्हाळ्यात "ये" म्हटल्यावर दुडूदुडू येणारी पोर आता हाक मारली तरी खेळत बसायची. घरात सगळे म्हणायला लागले, हट्टी झाली, मामावर गेली. एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, मुलं अशीच असतात, मूड नसतो. मला ते पटलं नाही. एकच गोष्ट सारखी टोचत होती. मी समोर बसून हात पुढं करून "दे" म्हटलं की ती लगेच द्यायची. हात पाठीमागं बांधून तेच म्हटलं की नुसती माझ्या तोंडाकडं बघायची. दोन महिन्यांपूर्वी तिला खुणेची गरज नव्हती. पुढं गेलेलं मूल मागं का यावं?

मग एके दुपारी पंखा, टीव्ही सगळं बंद केलं. सासूबाई तिच्यासमोर ठोकळे घेऊन बसल्या, मी मागं उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात नाव घेतलं. वळली नाही. तीनदा घेतलं. नाही. सासऱ्यांनी स्टीलचं ताट फरशीवर टाकलं, तेव्हा दचकून वळली. "बघ, ऐकू येतंय की," ते म्हणाले. ताट वाजवून बघण्याचा हा प्रयोग बहुतेक घरांत करतात, म्हणून सांगते : ताटाच्या आवाजाला दचकणाऱ्या मुलाला बोललेलं ऐकू येतंच असं नाही. कमी ऐकू येणाऱ्या कानालाही एवढा मोठा आवाज कळतो.

पुढं घरात जे झालं ते तुमच्यापैकी पुष्कळ जणींना ओळखीचं वाटेल. आमच्या घराण्यात कुणाला असलं काही नाही. मुलीची जात आहे, उगाच चार लोकांत नाव नको. दशलक्षण होऊन जाऊ दे, मग बघू. ह्यांचं मन दोन्हीकडं ओढलेलं. मी काही बोलायच्या आत सासूबाईच बोलल्या. "कान दाखवायला कसली लाज? डोळं दाखवतोयच की. उद्याच जावा." उत्तम क्षमेच्या आदल्या दिवशी आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेलो.

तपासणी अगदी साधी होती. कानाच्या तोंडाशी छोटं रबरी बूच धरतात, आत हवेचा दाब थोडा कमी-जास्त करतात आणि पडदा हलतो का ते यंत्र सांगतं. दुखत नाही, मिनिटभरात होतं. छकुलीचे दोन्ही पडदे नीट हलत नव्हते. सारख्या सर्दीमुळं पडद्यामागं चिकट पाणी साठलं होतं. आपण कानांत बोटं घातल्यावर जसं ऐकू येतं, साधारण तसं तिला ऐकू येत होतं. लहान मुलांत हे खूपदा होतं, कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेकदा हे पाणी आपोआप जिरतं, तीन महिने थांबून पुन्हा तपासू. तेव्हाही असलं तर पडद्यात बारीक नळी बसवायचा विचार करू.

ते तीन महिने मी कसे काढले ते लिहीत नाही. पण घराची बोलण्याची रीत बदलली ती तेव्हाच. डॉक्टरांनी सांगितलेलं साधंच होतं : समोर या, तिच्या उंचीवर या, तोंड दिसू द्या, मागचा आवाज बंद करा, मग बोला. सासऱ्यांचं आयुष्य दुकानात गेलेलं, या टोकाहून त्या टोकाला ओरडायची सवय, आणि गुडघे दुखत असल्यानं खाली बसता येत नाही. त्यांनी उपाय शोधला. ते छकुलीला उचलून ओट्यावर बसवायचे, चष्मा सारखा करायचे आणि एकेक शब्द बोलायचे. मिक्सर लावताना मी तिच्याशी बोलणं बंद केलं. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून संध्याकाळी आमच्याकडं नुसती धावपळ असते, चार जण चार दिशांनी बोलत असतात. त्या वेळात टीव्ही बंद राहिला तो आजतागायत बंदच आहे. ह्यांच्या बातम्या आता जेवणं झाल्यावर!

दिवाळी झाली, महावीर निर्वाणाचा लाडू चढवून झाला, आणि त्यानंतर काही दिवसांनी पुन्हा तपासणी केली. दोन्ही पडदे हलत होते. बाहेर येऊन सासूबाईंनी मागून हळूच "बा" म्हटलं आणि ती वळली. आम्ही दोघी तिथं बाकावरच जरा बसून राहिलो.

सगळ्यांचं एवढ्यावर निभावतंच असं नाही, म्हणून ज्यांना मोठ्या शहरात जाणं जमत नाही त्यांच्यासाठी एक माहिती. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, २०१३ पासून ही योजना आहे, त्यांच्या तपासणीत ऐकणं आणि भाषेचा विकास दोन्ही येतात. पुढची गरज लागली तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, आणि हे सगळं मोफत असतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथं कानाच्या आणि वाचेच्याच तपासण्या चालतात. मूल १८ महिन्यांचं होऊनही खुणेशिवाय साधं "दे", "ये" कळत नसेल किंवा कळत होतं ते कळेनासं झालं असेल, तर हट्टीपणाची चर्चा बाजूला ठेवून आधी कान तपासून घ्या.

कान मोकळे झाल्यावर पहिलं काम मी "थांब" चं घेतलं. आमच्या दारावरून साखर कारखान्याचा रस्ता जातो आणि गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागते, एकेकामागं दोन-दोन ट्रॉल्या. चालवणाऱ्याला दारातलं लेकरू दिसणारही नाही. लुरियांचं ते वाचलेलं असल्यामुळं मला माहीत होतं की धावत सुटलेलं मूल ओरडण्यानं थांबत नाही, थांबायची सवय आधी अंगात मुरवावी लागते. रोज संध्याकाळी मागच्या अंगणात आमचा खेळ चालायचा. मी डबा वाजवायची, ती नाचायची. डबा बंद आणि "थांब"! दोघी पुतळ्यासारख्या. मग डब्याशिवाय नुसता शब्द. मग चालता चालता. मग अंगणाच्या फाटकापाशी. महिनाभर रोज केलं. आणि घरात सगळ्यांना बजावलं, हा शब्द रस्ता, गॅस आणि जिना एवढ्यासाठीच. "थांब गं, फोनवर आहे" याला "थांब" वापरायचा नाही, दुसरं काहीही म्हणा. एवढं करूनही फाटकाला कडी वर बसवून घेतली आहेच. दोन वर्षांच्या मुलाच्या आज्ञापालनावर ट्रॅक्टर सोडायचा नसतो.

बस्तीतल्या एका गोष्टीबद्दल मला बोलायचंच आहे. मुनिमहाराज आले की काही जण लेकराची मान मागून दाबून नमोस्तु करायला लावतात. मूल रडतं, मोठी माणसं हसतात. विनय आपल्याकडं अंतरंग तपात गणला आहे, सहा अंतरंग तपांतला एक. तो मानेवर हात ठेवून कसा येईल? छकुलीला आम्ही कधी दाबलं नाही. आम्ही वाकायचो, ती बघायची. मूठभर तांदूळ तिच्या हातावर द्यायचे आणि पाटाकडं बोट दाखवून "ठेव" म्हणायचं, एवढीच तिची पूजा. पाहुण्यांपुढं "नाक कुठंय दाखव, टाटा कर" अशी परीक्षा घेणंही मी बंद केलंय. विचारणाऱ्याला राग येतो, येऊ दे.

सध्या आम्ही जोडकामावर आहोत. "चप्पल ठेव आणि हात धू" यातली चप्पल अगदी जागेवर जाते, दोन्ही पायांची, सरळ रेषेत; हात धुवायचं मात्र मोरीपर्यंत जाताना वाटेत विसरतं. बस्तीत "तांदूळ ठेव, हात जोड" म्हटलं की तांदूळ ठेवून ती आपल्याआधीच्या कुणाचे विस्कटलेले तांदूळ गोळा करत बसते. होईल अडीच वर्षांपर्यंत. येत्या पावसाळ्यात सर्दी होवो न होवो, एकदा कान दाखवून आणायचे आहेत. सासूबाईंनी कॅलेंडरवर श्रावणाच्या पानावर आत्ताच कुंकवाचं बोट लावून ठेवलंय.

जय जिनेंद्र.